तीन काचपाट्यांच्या पारखीची हकीकत

श्री. एकदंताचे पायी मस्तक ठेवून, बोरूचे टोक नव्याने कापून, आणि शेजारच्या दालनातील टीव्ही बंद करवून ही हकीकत लिहिली असे; जे घडले तेच लिहिले, पदरचे मीठ फार तर चिमूटभर. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, कार्तिक वद्य नवमीचे दिवशी, या राज्यात (राज्याचे नाव लिहिण्यास मनाई आहे, आणि लिहिले तरी नकाशात सापडेल ऐसे नाही) मोठ्या आनंदाचे वर्तमान आले. महाराजांच्या कन्या मृणालराजे सातासमुद्रापलीकडे बर्फाच्या मुलखात नांदत होत्या, त्या प्रसूत होऊन कन्यारत्न जाहले, आणि महाराजांच्या मातोश्री अन्नपूर्णाबाईसाहेब, वय वर्षे एक्याऐंशी, या पणजी जाहल्या. मग तोफखान्यात एकच तोफ चालू होती ती तीन वेळा उडविली, आणि साखर वाटली, आणि बाराव्या दिवशी म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस बारसे नेमिले. आता बारशात कानात नाव सांगावयाचा मान आत्याचा. परंतु जावईबापूंस बहीण नाही, म्हणजे मुलीस आत्याच नाही, तेव्हा मृणालराजेंनी तो मान आपल्या आजीस दिला आणि कळविले की, आजीसाहेब, तुम्ही तेथून व्हिडिओ कॉलवर नाव सांगावे, आम्ही येथे आपला टॅबलेट पाळण्यात मुलीच्या कानाशी धरू. मातोश्रींनी नाव मनात योजिले, आणि घराण्याचा रिवाज ऐसा की कानात पडेतोवर नाव बाहेर फुटू नये, म्हणून कोणास सांगितले नाही, देवासही नाही. परंतु मोबाईलवर मुलीचे पहिले दर्शन करविले तेव्हा मातोश्रींनी डोळे बारीक करून पाहिले आणि म्हणाल्या, "हे मूल आहे की शेंगदाणा?" आणि पलीकडून मृणालराजे काय बोलल्या तेही त्यांच्या कानी पडले नाही. मग महाराजांनी आज्ञा केली की मोठ्या काचेचा टॅबलेट, ज्यास दरबारी बोलीत काचपाटी म्हणतात, तो आणावा. पंचमीचे काम तर व्हावेच, पुढे रोज पोथी वाचावयास, भजन ऐकावयास आणि लोणच्याच्या कृती पाहावयासही उपयोगी पडावा. आणि किंमत बेताची असावी, कारण खजिन्याची प्रकृतीही बेताचीच होती.

हे काम निंबाजीराव पारखी यांजकडे आले. निंबाजीराव वयाने त्र्याहत्तर, अंगाने काटकुळे, मिशा पांढऱ्या, आणि घोड्याची पारख ऐसी की घोडा पागेच्या दाराशी येतो न येतो तोच त्याचे वय, खोडी आणि आजोळ सांगावे. पासष्ट वर्षांमागे मातोश्री लग्न होऊन या राज्यात निघाल्या तेव्हा शेजारच्या घरचा आठ वर्षांचा निंबा, जो रोज त्यांचे बोट धरून ओढ्यावर जात असे, तो पालखीच्या दांडीस लोंबकळून रडू लागला, आणि सोडविला तरी सुटेना, मग त्यासही बरोबर घेतले, तो आजतागायत येथेच. लग्नात रीतीप्रमाणे ताटातील तांदळावर सोन्याच्या अंगठीने नवरीचे नवे नाव लिहिले ते अन्नपूर्णा; माहेरचे नाव त्या दिवसापासून कोणी घेतले नाही, आणि निंबाजीरावांनीही घेतले नाही. मातोश्री मात्र भर दरबारात त्यांस "निंबा" म्हणत, आणि निंबाजीरावांस ते फार आवडे. मातोश्रींनी त्यांस बोलावून सांगितले, "निंबा, मला तिचा चेहरा नीट दिसला पाहिजे आणि माझा शब्द तिच्या कानात गेला पाहिजे. बाकी तुझी पाटी काळी असो की गोरी. आणि हे बघ, नाव एकट्या माझ्यापाशी आहे. त्या दिवशी मला बोलता आलं नाही तर पोर बिननावाची उठेल पाळण्यातून." निंबाजीरावांनी छातीवर हात ठेविला आणि म्हणाले, "उठेल कशी! निंबा अजून जिवंत आहे." ऐसे बोलून गेले, आणि बाहेर आल्यावर त्यांच्या ध्यानात आले की आपण जन्मात काचपाटी हातात धरिली नाही.

आता या राज्याचा एक रिवाज सांगितल्याविना पुढील गोष्ट उमगणार नाही. मातोश्रींच्या वापरास यावयाची वस्तू, मग ती वाटी असो की वहाण, तिला वाड्याच्या उंबऱ्याच्या आत उघडा हात एकट्या मातोश्रींचाच लागावा. इतरांनी ती रेशमी रुमालातूनच धरावी. परक्याचे उघडे बोट लागले की वस्तू उष्टी ठरे, आणि उष्टी वस्तू पागेकडे वर्ग होई. यामुळे या राज्यात घोडे नक्षीच्या चांदीच्या ताटात हरभरा खात आणि एका शिंगरास तर मखमली उशी होती. या रिवाजाचे राखणदार दिगंबरपंत शिरस्तेदार, बगलेत सदा जाड चोपडी, आणि मुद्रा ऐसी की आत्ताच कोणी त्यांच्या पायावर पाय दिला असावा. आणि दरबारात दुसरे एक गृहस्थ म्हणजे महाराजांचे मेहुणे रंगराव. यांच्या अंगरख्याच्या दोन खिशांत दोन मोबाईल असत, आणि जगात कोणती वस्तू कोठे स्वस्त मिळते हे त्यांस झोपेतही सांगता येई. पारखीची सनद आपल्याकडे यावी ऐसे त्यांच्या फार मनात होते.

दशमीस सकाळी तीन व्यापारी तीन काचपाट्या घेऊन दरबारी हजर जाहले. पाट्या दुकानीच लावून, मराठी भाषा घालून, चालत्या करून आणिल्या होत्या. दिगंबरपंतांनी चोपडी चाळून निवाडा दिला की उंबऱ्याबाहेरचे स्पर्श चोपडी मोजीत नाही, सबब तिन्ही कोऱ्या समजाव्या. पहिली निळी, सर्वांत स्वस्त आणि वजनाने पापडासारखी हलकी. परंतु निंबाजीरावांनी पुसिले की आत जागा किती, तेव्हा व्यापारी खाकरला, आणि मग बोलला की जागा आहे, परंतु आत आधीच खेळ, ज्योतिष, बातम्या आणि न मागता कर्ज देणारे मिळून तीस बिऱ्हाडे राहात आहेत, आणि त्यांस काढता येत नाही. "म्हणजे मालकानेच पडवीत झोपायचे," निंबाजीराव म्हणाले आणि निळी बाजूस ठेविली. दुसरी रुपेरी, बारीक, चकचकीत, पाठीवर चार कॅमेरे. रंगरावांनी मोबाईल वर धरून पुकारिले, "चाळीस हजार लोकांनी हिला पाच-पाच स्टार दिलेत!" निंबाजीराव म्हणाले, "त्यांत एक्याऐंशी वर्षांचे किती?" रंगराव म्हणाले, "वयाचं लिहिलेलं नाही. हे ऐका, एक जण लिहितो: पेटी फार सुंदर आली, अजून उघडली नाही, पाच स्टार." दरबारातील मंडळींनी माना डोलाविल्या. तिसरी काळी, जाड, जड, कोपरे बोथट, रूप म्हणाल तर पोळपाट बरा म्हणावा ऐसे. परंतु व्यापाऱ्याने रुमालातून कडेची कळ दाबून ती चालू केली तेव्हा ऐसा खणखणीत सूर निघाला की आतल्या महालात बसलेल्या मातोश्रींनी विचारिले, "दारात वाजंत्री कुणाची आली रे?" मातोश्रींस दारची नौबत ऐकू येऊन चार वर्षे लोटली होती. निंबाजीरावांचे कान टवकारले, आणि त्यांनी काचेकडे पाहिले तो उजेडही ऐसा की खिडकीतल्या उन्हात धरिली तरी अक्षर वाचावे. निंबाजीरावांचे मन तेव्हाच काळीवर बसले, हे लिहून ठेवणे भाग आहे, कारण पुढे त्यांनी जे केले ते मनाविरुद्ध केले.

मग चालवून पाहण्याची वेळ आली. दिगंबरपंतांनी तबकातून रेशमी रुमाल पुढे केला, तो निंबाजीरावांनी बोटास गुंडाळिला आणि काळीच्या काचेवर टेकविला. काळी ढिम्म. दाबिला, घासला, थोपटला. काळी जागची हलेना. निळीही हलेना. मग रुपेरीकडे वळले, आणि रुमाल अजून वीतभर दूर आहे तोच रुपेरीने आपणहून एक चित्र उघडिले, ते मिटिले, दुसरे उघडिले, आणि एक गाणे लाविले. दरबारात वाहवा उठली. रंगराव ओरडले, "पाहिलंत? बोट टेकायच्या आत मनातलं ओळखते!" काळीचा व्यापारी घामाघूम होऊन म्हणाला, "अहो सरकार, मोबाईलसारखं उघडं बोट लावा हो! रेशमातून हिला कळत नाही! आणि ती रुपेरी बिघडलेली आहे, काच आपोआप दाबली जातेय तिची." रंगरावांस मोबाईलचे ठाऊक होते, ते जरा चुळबुळले, परंतु स्टारांची लाज राखावयाची म्हणून गप्प राहिले. दिगंबरपंतांनी व्यापाऱ्याकडे ऐसे पाहिले की जणू त्याने भर दरबारात धोतर सोडिले असावे. आणि निंबाजीरावांनी, ज्यांच्या मनात काळी बसली होती त्या निंबाजीरावांनी, आपली सगळी घोड्यांची विद्या गोळा करून म्हटले, "जातिवंत जनावर झुलीवरूनही मालकाची टाच ओळखतं. जे रेशमातून ओळखत नाही ते मातोश्रींना काय ओळखणार?" व्यापारी रडकुंडीस येऊन म्हणाला, "अहो, हा घोडा नाही, टॅबलेट आहे!" त्यास पान-सुपारी देऊन बाहेर नेले. ऐसे रीतीने रुपेरी पसंत जाहली. दुसऱ्या दोघी परत न्याव्या म्हटले तर दिगंबरपंतांनी दुसरे पान काढिले की मातोश्रींसाठी उंबरा ओलांडून आत आलेली वस्तू माघारी जात नाही. मग एक स्वस्त काचपाटी घ्यावयास बसलेल्या दरबाराने तीन घेतल्या, आणि निळी व काळी पेटीत घालून कोठीत ठेविल्या, आणि काटकसर जाहली ऐसे दप्तरी नोंदविले.

रुपेरी मातोश्रींकडे गेली आणि त्याच दिवसापासून वाड्याची झोप उडाली. रंगरावांनी चार हात दूर उभे राहून सांगावे, मातोश्रींनी बोट टेकवावे, आणि रुपेरीने तिसरेच करावे. एकादशीस मातोश्री हरिपाठ लावावयास गेल्या तो तिने बोंबील तळण्याची कृती लाविली, आणि ती बंदही होईना, आणि उपासाच्या पंगतीत बसलेली मंडळी साबुदाण्याकडे पाहीनाशी जाहली. त्रयोदशीस तिने आपणहून शेजारच्या राजाला व्हिडिओ कॉल केला, ज्या राजाशी नदीकाठच्या शिवेवरून चाळीस वर्षे बोलणे बंद होते. तो अर्धी दाढी करून बसलेला, तोंडाला फेस, आणि मातोश्रींस समोर पाहून घाईने उभा राहिला आणि फेसासकट मुजरा केला. अमावस्येस मातोश्री जांभई देत असता तिने त्यांचे चित्र टिपून सगळ्या सोयऱ्यांस धाडिले, आणि सोयऱ्यांनी अभिनंदने कळविली. मातोश्री म्हणाल्या, "निंबा, तुझ्या या जनावराला भुताने धरलंय का रे?" निंबाजीराव म्हणाले, "नवीन आहे मातोश्री, रुळेल." महाराजांनी त्यांस एकांती बोलावून सांगितले की पंचमीस घोळ जाहला तर पारखीची सनद रंगरावांस जाईल. निंबाजीराव मान खाली घालून परतले. सनदेचे त्यांस वाईट वाटले, परंतु फारसे नाही. मातोश्री रोज सकाळी ओठातल्या ओठात काही तरी पुटपुटून पाहात, आणि कोणी आले की गप्प होत, ते पाहून त्यांस जास्त वाईट वाटे. म्हातारी नाव घोकीत होती.

मग पंचमी उजाडली. बर्फाच्या मुलखात सकाळ तेव्हा येथे दिवेलागण, ऐसा वेळेचा हिशेब बसवून सायंकाळी दरबार भरविला, आणि मातोश्री ठेवणीतले इरकली लुगडे नेसून आसनावर बसल्या, आणि समोर चौरंगावर रुपेरी उभी केली. कॉल लागला, आणि काचेत पाळणा दिसला, पाळण्यास झेंडूच्या माळा, आणि मृणालराजे वाकून म्हणाल्या, "आजी, दिसतंय का?" मातोश्रींनी "दिस" ऐसे म्हटले तोच रुपेरीने कॉल तोडिला आणि बोंबील लाविला. पुन्हा कॉल केला. या खेपेस पाळणा दिसला परंतु आवाज बंद, मातोश्रींचे ओठ हालतात आणि पलीकडे कोणास काही ऐकू जात नाही. तिसऱ्या खेपेस पाळणा उलटा जाहला, सगळा दरबार माना वाकड्या करून पाहू लागला, आणि मग काच काळी पडली आणि तिच्यावर अक्षरे उमटली की नवीन सुधारणा होत आहे, शंभरात तीन जाहली, कृपया पाटी बंद करू नये. रंगरावांच्या मोबाईलवर मृणालराजेंचा निरोप आला की येथील गुरुजी म्हणतात मुहूर्त एक घटका उरला आहे. रंगरावांनी तोच मोबाईल मातोश्रींपुढे धरिला, मातोश्रींनी पाहिले, कान लाविला, आणि मोबाईल परत दिला. "शेंगदाणाच आहे," त्या म्हणाल्या, "आणि ऐकूही येत नाही. आंधळ्या-बहिऱ्यासारखं नाव सांगायचं का मी तिला? राहू दे. कुणाला तरी सांगा दुसरं काही ठेवायला." आणि त्यांनी पदर डोळ्यांस लाविला. एक्याऐंशी वर्षांच्या बाईस भर दरबारात रडताना कोणी पाहिले नव्हते.

निंबाजीराव उठले ते कोणास न विचारता कोठीकडे धावले, म्हणजे त्र्याहत्तराव्या वर्षी जेवढे धावता येते तेवढे, आणि काळीची पेटी काखेत मारून परत आले. कळ दाबिली. पेटीत दहा-बारा दिवस पडून राहिली तरी तिची बॅटरी अर्ध्याहून अधिक शिल्लक होती, आणि तोच खणखणीत सूर निघाला, आणि मातोश्रींनी पदर बाजूस करून मान वर केली. दिगंबरपंतांनी तबक पुढे केले. निंबाजीरावांनी रुमाल उचलिला, बोटास गुंडाळू लागले, आणि थांबले. त्यांच्या मनात आले की व्यापारी घसा फोडून सांगत होता. आणि त्यांच्या मनात आले की झुलीवरून टाच ओळखणारे जनावरसुद्धा पहिल्या दिवशी आपण कशाने चुचकारतो, तर उघड्या तळव्याने. मोजा घालून चुचकारलेला घोडा आपण आयुष्यात पाहिला नाही. "गाढव आहे मी," ते मोठ्याने म्हणाले, आणि रुमाल भुईवर टाकिला, आणि उघडे बोट काचेवर ठेविले. काळी तत्काळ उघडली. दिगंबरपंत किंचाळले, "उष्टी झाली! पागेकडे! पागेकडे वर्ग करा!" निंबाजीराव म्हणाले, "करा. मलाही करा. पण अर्ध्या घटकेनं." आणि रंगरावांकडे पाहून म्हणाले, "मेहुणेसाहेब, मला यातलं ओ का ठो कळत नाही. सनद घ्या, पण हे लावून द्या." खोटे कशास लिहावे, रंगराव एक क्षण घुटमळले, मग त्यांनीही बाह्या वर केल्या आणि उघड्या बोटांनी वाय-फायचा परवलीचा शब्द घातला, मृणालराजेंचा नंबर घातला, आणि ती बोटे ऐसी चपळ चालली की दरबारास त्यांचे प्रथमच कौतुक वाटले. पलीकडून कॉल आला आणि काचेवर हिरवे वर्तुळ थरथरू लागले. रंगराव मागे सरकले. "हे मात्र मातोश्रींनीच दाबावं," ते म्हणाले.

मातोश्रींनी बोट पुढे केले आणि हिरव्यावर टेकविले. काही जाहले नाही. पुन्हा टेकविले. काळीने ओळखिले नाही. एक्याऐंशी वर्षांचे बोट ते, कोरडे, सुरकुतलेले, कापणारे. काचेस त्याचा थांगच लागेना. हिरवे वर्तुळ थरथरत होते, आणि मातोश्री म्हणाल्या, "निंबा, ही मला ओळखत नाही रे." तेव्हा निंबाजीराव पुढे जाहले, आणि आसनाशेजारच्या देव्हाऱ्यातील पाण्याच्या पंचपात्रीत आपली बोटे बुडविली, आणि म्हणाले, "हात द्या." मातोश्रींनी हात दिला. निंबाजीरावांनी त्यांच्या बोटाचे टोक ओले केले, पदरास अलगद टिपले, आणि ते बोट आपल्या बोटात धरून काचेवर टेकविले. पासष्ट वर्षांमागे ओढ्याच्या वाटेवर हेच बोट त्यांनी धरिले होते, त्यानंतर आजच. मातोश्री हळूच म्हणाल्या, "किती खरबरीत झाला रे हात तुझा." आणि काळीने ओळखिले.

काचेत पाळणा आला. या खेपेस मुलीचे तोंड ताटाएवढे दिसले, नाक, जिवणी, कपाळावरची तीट, सगळे, मातोश्री पाहतच राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, माझ्या आईची जिवणी!" मृणालराजे ओरडल्या, "आजी, मुहूर्त!" आणि आपली पाटी मुलीच्या कानाशी नेली. मग मातोश्री काळीच्या काचेशी वाकल्या, तोंडाभोवती दोन्ही हात धरिले, "कुर्रर्र" केले, आणि कानात हळूच सांगावयाचे ते नाव, कानांनी अधू माणूस जितक्या हळू बोलू शकते तितक्या हळू, म्हणजे पागेतील घोडी बिचकावी इतक्या मोठ्याने सांगितले: "वेणू!" मूल दचकून रडू लागले, आणि काळीच्या तोंडून ते रडणे साऱ्या दरबारात घुमले, आणि मातोश्रींस ते एकूण एक ऐकू आले, आणि त्या हसू लागल्या. तोफ उडवावी ऐसी आज्ञा जाहली. निंबाजीराव मात्र जागच्या जागी उभे राहिले. साऱ्या दरबारात हे नाव ओळखणारे ते एकटेच होते. पालखीच्या दांडीस लोंबकळून आठ वर्षांचे पोर रडले ते हेच नाव घेऊन रडले होते: वेणूताई, वेणूताई.

तोफेचा धूर निवतो न निवतो तोच दिगंबरपंतांनी चोपडी उघडिली आणि म्हणाले की या घराण्यात वेणू नावाचे कोणी नाही, तेव्हा हे नाव आले कोठून. मातोश्री म्हणाल्या, "माझं आहे." दिगंबरपंत म्हणाले, "जित्या माणसाचं नाव मुलाला ठेवत नाहीत, मातोश्री." मातोश्री म्हणाल्या, "ती वेणू जिती कुठे आहे, पंत? तांदळाच्या ताटात तुम्ही अन्नपूर्णा लिहिलीत तेव्हाच गेली ती. नाव रिकामंच पडून होतं पासष्ट वर्षं. चांगलं नाव होतं, वाया जात होतं. खरं की नाही रे, निंबा?" निंबाजीरावांनी मान हालविली आणि मिशा पुसल्या. दिगंबरपंत खाकरून म्हणाले, "ते असो; पण ही काचपाटी दोघा परक्यांच्या उघड्या बोटांनी उष्टी जाहली आहे, रिवाजाप्रमाणे पागेकडे गेली पाहिजे." मातोश्री म्हणाल्या, "मग माझं आसन पागेत मांडा. मी तिथे बसून बोलेन." दिगंबरपंतांनी चोपडी पुढे चाळिली, मागे चाळिली, आणि मग कोरे पान काढून त्यावर लिहिले की काचपाटी या वस्तूस रेशमाचा नियम लागू नाही; रेशमी रुमालाने तिची काच मात्र पुसावी.

येणेप्रमाणे पारख जाहली. रुपेरी सुधारणा करता करता शंभरात एकोणचाळीसवर थांबली, तेथेच आहे. तिचे चाळीस हजार स्टार कोणी परत नेले नाहीत. निळी महाराजांस दिली, ते तिच्या पडवीत समाधानी आहेत. शेजारच्या राजाने त्या मुजऱ्यानंतर शिवेचा तंटा सोडिला, आणि सणावारी मातोश्रींस कॉल करितो, दाढी पुरी करून. पारखीची सनद निंबाजीरावांकडेच राहिली, आणि रंगरावांस काचपाट्यांची वेगळी सनद मिळाली. आता रोज दिवेलागणीस काळी चौरंगावर लागते, आणि निंबाजीराव पंचपात्री घेऊन शेजारी बसतात, आणि पलीकडे बर्फाच्या मुलखात मृणालराजे पोरीस काचेपुढे धरून हाका मारतात, "वेणू! ए वेणू! इकडे बघ!" पोर अजून लहान, आपले नाव तिला कळत नाही, ती दिव्याकडे बघते. काचेच्या अलीकडे मातोश्री म्हणतात, "ओ."